दादा परत आला आणि आम्ही हुरड्याला गेलो: एका फॅमिली ट्रिपचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे आमच्याच घरातलं प्रकरण आहे. मी यातली मधली बहीण, आणि ट्रिपचं सगळं नियोजन (म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायचं काम) माझ्याकडे होतं, तेव्हा मी तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं टाकलेली नाहीत, गावाचंही नाही, बार्शी तालुक्यातलं एक गाव एवढं पुरे.

दादा मेकॅनिकल इंजिनियर. २००७ ला शारजाला गेला, वहिनी लग्नानंतर गेली, दोन्ही मुलं तिकडेच झाली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शाळेचं वर्ष संपलं तसे चौघंही पुण्यात परत आले. गल्फचं एक असतं, तिकडे ग्रीन कार्डासारखं काही वाट बघत नसतं, व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. त्यामुळे "कधीतरी परत यायचंच आहे" हे वाक्य आमच्या घरात १७ वर्षं चालू होतं आणि इतकं ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं की ते खरंच घडलं तेव्हा का, कसं, पुढे काय, हे कुणी विचारलंच नाही.

या १७ वर्षांत दादा दरवर्षी यायचा तो जुलैमध्ये, कारण तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टला. तीन आठवडे. त्यातला एक वहिनीच्या माहेरी. बॅगांमधून टँग, निडोची पावडर, खजूर, पिस्ते, अत्तराच्या बाटल्या, आईच्या गुडघ्यांसाठी टायगर बाम. तो आला की घरात सणच. दादाने उठून पाण्याचा ग्लाससुद्धा घ्यायचा नाही, त्याच्या मुलांना फिल्टरचं पाणी, रोज काहीतरी गोड, आणि बाहेर जेवायला गेलो की बिल दादा देणार, त्यावर वाद घालायचा पण कुणी प्रयत्न करत नव्हतं. हे असं दोन्ही बाजूंनी ठरून गेलेलं होतं. पाहुण्याचे लाड आम्ही करायचे, पाहुण्याने खर्च करायचा.

गावी वडिलोपार्जित शेती आहे, ती माझा चुलतभाऊ अण्णा बघतो. काका गेले, काकू आहेत. दादा गावी जायचा तोही जुलैतच, एक दिवस, पाया पडून परत. जुलैत आमच्या शिवारात ज्वारी नसते, रब्बीची पेरणीच सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे या माणसाने १७ वर्षांत उभी ज्वारी बघितलेली नव्हती. हे मला पण ट्रिप ठरवताना पहिल्यांदा लक्षात आलं.

अडचण काय होती

परत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, एप्रिलमध्ये, आमरसाच्या जेवणानंतर दादा म्हणाला की एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ, आत्या, काकू, अण्णा सगळे, मी बघतो सगळं. "मी बघतो सगळं" हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळे झाला.

माणसं किती तर २०. आई-बाबा, दादाचे चौघं, आम्ही तिघं, धाकटा भाऊ-त्याची बायको-तीन वर्षांची छकुली, हे १२ पुण्याचे. लातूरहून आत्या, तिचा मुलगा आणि सून. गावाकडचे पाच. बाबा ७६ वर्षांचे, गुडघे गेलेले. आईचा तुळजापूरचा नवस, दादा सुखरूप परत आला की सगळ्यांनी मिळून ओटी भरायची, हा नवस तिने कधी बोलला होता ते तिलाच माहीत पण आता त्याला कोर्टाच्या ऑर्डरइतकं वजन होतं.

एवढं दिसत होतं. न दिसणाऱ्या दोन गोष्टी होत्या, त्या मला उशिरा कळल्या. एक म्हणजे दादा आलेला नव्हता, त्याला यायला लागलं होतं. कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला, मार्चमध्ये नोकरी गेली, आणि पुण्यात त्याला काही मिळत नव्हतं, वय ४६, तिकडच्या पदाला इकडे कुणी विचारत नाही आणि खालच्या पदाला म्हणतात तुम्ही ओव्हरक्वालिफाइड. हे फक्त वहिनीला माहीत होतं. बाकी घराला वाटत होतं दादा भरपूर पैसा घेऊन आलाय आणि आता आरामात बघून काहीतरी करेल.

दुसरी गोष्ट, अण्णाला वाटत होतं की हे लोक आता परत आलेत म्हणजे वाटणी मागणार.

पर्याय

जायचं थंडीत असं ठरलं होतं. दादाला हवं होतं महाबळेश्वरचं रिसॉर्ट. कोटेशन मागवलं, २० माणसं, दोन रात्री, जेवणखाण धरून सव्वा लाखाच्या वर गेलं. त्यात आत्या म्हणाली थंडीत थंड हवेच्या ठिकाणी जायचं हे कुणाचं डोकं. अण्णा म्हणाला रब्बी उभी आहे, दोन रात्री शेत सोडून कसं येऊ. म्हणजे रिसॉर्ट केलं असतं तर गावचे पाच आलेच नसते, आणि मग त्याला सगळे मिळून म्हणायचं कसं?

आईला हवी होती तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर-पंढरपूर अशी एकाच दमात. ही आपल्याकडची पेटंट ट्रिप आहे, मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण बाबांचे गुडघे आणि एक तीन वर्षांचं मूल घेऊन चार देवस्थानांच्या चार रांगा म्हणजे बोलायलाच नको. धाकट्याचं म्हणणं होतं की पुण्यातच एक हॉल घ्या, आचारी लावा, दुपारी जेवा, संध्याकाळी आपापल्या घरी. खरं तर सगळ्यात स्वस्त आणि कमी कटकटीचा पर्याय हाच. पण काकू पुण्याला येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना गाडी लागते.

मग मी म्हणलं गावीच जाऊ. हुरडा असतो, शेतात बसू, एक दिवस तुळजापूर, संपला विषय. यावर पुण्याच्या बाजूने लगेच प्रश्न, झोपायचं कुठे, घर जुनं, खोल्या दोन, संडास एक आणि तोही भारतीय पद्धतीचा, बाबांना बसता येत नाही. तोडगा काढला की आई-बाबा, आत्या आणि दादाच्या चौघांसाठी बार्शीत लॉजवर तीन खोल्या, बाकीचे गावात.

इथे माझा निर्णय अर्धा बरोबर अर्धा चूक होता. आई-बाबा आणि आत्या लॉजवर, हे ठीकच. पण दादाला का? त्याचे गुडघे शाबूत आहेत, मुलं १४ आणि १० वर्षांची. मी सवयीने त्याला पाहुण्यांच्या यादीत टाकलं आणि त्यानेही सवयीने हो म्हणलं.

जायचं कसं यात फार वेळ घालवला नाही. वंदे भारत कुर्डुवाडीला थांबते, पण तिथून पुढे १२ माणसांना गाड्या बघायच्या. स्वतःच्या दोन गाड्या काढाव्यात तर दादाचं इथलं लायसन्स कधीच संपलेलं, आणि रात्रीच्या परतीला एकट्या धाकट्यावर आणि माझ्या नवऱ्यावर भार. शेवटी १३ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर. याचं गणित माहीत नसेल तर सांगते, रोजचे किमान ३०० किलोमीटर धरतात, तीन दिवसांचे ९००, मग तुम्ही प्रत्यक्षात ६०० फिरा नाहीतर घरासमोर उभी करा. किलोमीटरला २४ रुपये म्हणजे २१,६००, वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग, सगळं मिळून २५ हजार.

तारीख

पहिली तारीख काढली होती ३ ते ५ जानेवारी. सगळ्यांना जमत होती. आईने तुळजापूरला आमच्या पुजाऱ्यांना फोन केला आणि ती तारीख तिथेच मेली, कारण शाकंभरी नवरात्राच्या आधीचे आठ दिवस देवी मंचकी निद्रेत असते, मूर्ती सिंहासनावरून पलंगावर, अभिषेक बंद. पुढे नवरात्र, ते पौष पौर्णिमेपर्यंत म्हणजे १३ जानेवारी, त्यात गर्दी. १४ ला संक्रांत. मग सरकत सरकत २४ ते २६ जानेवारी २०२५. हुरडा तोपर्यंत टिकेल का असं अण्णाला विचारलं तर म्हणाला, "मागासच पेर ठेवलीय की एका पट्टीत, या तुम्ही निवांत." म्हणजे त्याने आमच्यासाठी ऑक्टोबरातच विचार करून ठेवला होता. आम्ही तेव्हा रिसॉर्टचे फोटो बघत होतो.

पैसे, आणि मी काय केलं

डिसेंबरात एकदा वहिनीचा फोन आला, दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि बोलता बोलता ती रडायलाच लागली. तेव्हा मला नोकरीचं कळलं. दादाला ग्रॅच्युइटी किती मिळाली यावर आमच्या घरात कोटीपर्यंत आकडे फिरत होते. प्रत्यक्षात तिकडचा नियम असा की पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे वर्षाला ३० दिवसांचा, आणि तोही फक्त बेसिकवर. १७ वर्षांचे मिळून ४६५ दिवस, साधारण साडेपंधरा महिन्यांचा बेसिक. त्यातून पुण्यातल्या फ्लॅटचं उरलेलं लोन फेडलं, दोन मुलांच्या शाळेचं डोनेशन आणि फी भरली, उरलेल्यावर घर चाललेलं. आणि या माणसाने सव्वा लाखाच्या रिसॉर्टला "बघू की" म्हणलं होतं!

माझ्यासमोर आता तीन रस्ते होते. दादाशी सरळ बोलायचं. धाकट्याला आणि बाबांना सांगायचं. किंवा काहीच न सांगता खर्च गुपचूप वाटून टाकायचा. वहिनीने शपथ घातलेली, म्हणून मी तिसरा घेतला. ग्रुपवर टाकलं की यावेळी आपण कॉन्ट्री काढू, तीन घरं, सारखे तीन भाग, बाबांना एकट्यावर भार पडलेला आवडत नाही.

बाबांनी असलं काही म्हणलेलं नव्हतं. आणि धाकट्याने त्यातून काय अर्थ काढला तर दादा बदलला, गोड बोलून शब्द दिला आणि आता हिला पुढे करून अंग काढून घेतोय. त्याच्या बाजूनेही बघायला हवं, १७ वर्षं आई-बाबा त्याच्याजवळ आहेत, बाबांच्या बायपासला रात्री दोनला गाडी त्याने काढलेली, आणि तरी घरात कौतुक मात्र टँगवाल्याचं. त्याचा राग ट्रिपपुरता नव्हताच. मी खोटं कारण दिलं आणि त्या जुन्या रागाला नवं निमित्त मिळालं.

प्रत्यक्ष तीन दिवस

शुक्रवारी २४ ला सकाळी सातला निघालो, भिगवणला चहा, उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो आलेले, मुलांनी फोटो काढले, टेंभुर्णीला वळून कुर्डुवाडी. तिथे बाबांनी नेहमीप्रमाणे बार्शी लाइटची गोष्ट सांगितली, १८९७ ची ती छोटी रेल्वे, चालत्या गाडीतून उतरून लोक परत चढायचे इतकी हळू जायची म्हणे. दादाच्या मुलाला हे पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं, माझ्या मुलाने डोळे फिरवले.

गावात पोचलो तर अंगणात सतरंज्या, आणि एका बाजूला चार प्लास्टिकच्या खुर्च्या. लाल, नव्या, एकीला अजून किमतीचं स्टिकर. त्या दादाच्या चौघांसाठी. शेजारी सीलबंद पाण्याचा बॉक्स, तोही त्यांच्यासाठी. आम्ही बाकीचे खाली, माठातलं पाणी. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही, मी तर गावच्या वहिनीला म्हणलं किती छान सोय केलीस. दादाची मुलगी थोडा वेळ खुर्चीवर बसली आणि मग उठून काकूंजवळ जमिनीवर जाऊन बसली. गावची वहिनी म्हणे अगं मातीत नको, तुला सवय नाही. ती म्हणाली, "काकू, आम्ही वाळवंटातच राहायचो." सगळे हसले पण दादा तिच्याकडे बघत राहिला.

शनिवारी सकाळी शेतात फेरी. मालदांडी डोक्याच्या वर गेलेली, एका पट्टीत हुरड्याची गुळभेंडी. दादा बांधावर उभा राहून, अगदी सहज, "अण्णा, आपलं एकूण किती एकर रे?" असं विचारून बसला. अण्णा वाकून तण उपटत होता, तो वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "तुमचं ते तुमचंच हाय की." एवढंच. दादाला कळलंच नाही की त्याने काय विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि माहिती करून घ्यायची होती, शारजात मुलांना दाखवायला सुद्धा त्याच्याकडे शेताचा एक फोटो नव्हता. पण सातबाऱ्यावर बाबांचं आणि काकांच्या वारसांचं नाव एकत्र आहे आणि ती जमीन २५ वर्षं एकटा अण्णा कसतोय, त्याच्या कानाला तो प्रश्न कसा लागला असेल.

दुपारनंतर हुरडा. आगटी म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, त्यात कणसं खुपसायची, दाणा भाजला की वास येतो, मग कणीस बाहेर काढून तळहातावर गरम गरमच चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे मऊ दाणे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. चोळणारा स्वतः फार खात नाही, त्याचे हात भाजत असतात. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. दादाला अर्थातच खायला बसवलेलं, चोळायला नाही.

धाकटा चोळत होता. दादाच्या हातावर हुरडा टाकता टाकता म्हणाला, "घ्या शेख. आमच्याकडून कॉन्ट्री घेताय, दिरहम संपले वाटतं."

मी काहीतरी बोलून विषय बदलणार होते. दादाने हातातले दाणे तसेच धरले आणि म्हणाला, "संपले. मार्चमध्ये नोकरी गेली. आलो नाहीये मी, यायला लागलं."

आईच्या हातातली चटणीची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला तेवढाच. बाबा आगटीकडे बघत होते. धाकट्याचं तोंड असं झालं की मला त्याचीच दया आली. आणि मग अण्णा, जो सकाळपासून दादाशी एक शब्द बोलला नव्हता, त्याने पलीकडून चार कणसं दादाच्या पुढ्यात टाकली. "इंजिनेर, ती चोळ आधी, गार झाली तर दाणा सुटत नाही."

दादाने चोळली. पहिलं कणीस धरताच टाकलं, चटका बसला, मुलं हसली, मग परत उचललं. त्याच्या हाताने निम्मे दाणे कोंड्यातच राहत होते. तो चोळत होता आणि बोलत होता, विभाग कसा बंद झाला, किती ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, घरातून रोज साडेआठला बाहेर पडून कुठे बसायचा. कुणी मध्ये बोललं नाही. माझ्या मते त्याला बोलता आलं ते हात कामात होते म्हणून, हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर हेच झालं असतं तर तो उठून निघून गेला असता.

त्या रात्री दादा बार्शीला लॉजवर गेला नाही. माळवदावर गोधड्या टाकून अण्णा, दादा आणि धाकटा झोपले, म्हणजे झोपले नाहीत, दोन वाजेपर्यंत आवाज येत होते. वाटणीचं अण्णाने तिथेच तोंड उघडून विचारलं म्हणे. दादाने हात जोडले की बाबा रे मला एकर माहीत नव्हते म्हणून विचारलं.

रविवारी २६ जानेवारी. सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडा, मग तुळजापूर. इथे माझी नियोजनातली सरळ सरळ माती झाली. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार म्हणून मी ते टाळले आणि रविवार पकडला, त्यात राष्ट्रीय सुट्टी. अख्खा महाराष्ट्र तिथे. बाबांना मुखदर्शन करवून बाहेर बसवलं, बाकीच्यांना रांगेत चार तास. छकुली रडून रडून झोपली. ओटी भरली, नवस फिटला, आई तृप्त. पुजाऱ्यांच्या घरी पुरणपोळीचं जेवण, त्यांनी जुनी वही काढली, त्यात आजोबांचं, बाबांचं, काकांचं नाव होतं, दादाचं नव्हतं. ते त्यादिवशी लिहिलं.

देवळात चिंतामणी म्हणून गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर हात ठेवायचे, उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे तर नाही, जागचा हलला नाही तर काम होणार पण उशिरा, अशी लोकांची श्रद्धा. धाकट्याने दादाला चिडवलं, जा नोकरीचं विचार. तो गेला नाही, पण त्याचा दहा वर्षांचा मुलगा गेला. काय विचारलं ते सांगेना. सोलापूर सोडल्यावर अंधारात टेम्पोत आपण होऊन म्हणाला, "मी विचारलं आपण परत घरी जाणार का. डावीकडे फिरला." घरी म्हणजे शारजा. कुणालाच उत्तर सुचलं नाही. धाकट्याने त्याला जवळ घेतलं आणि मोबाइलवर गेम लावून दिला. पुण्याला पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

हिशोब

टेम्पो २५,०००, लॉज ९,००० (दादाची खोली एक रात्र रिकामीच राहिली, पैसे गेले), किराणा आणि भाकरी करायला लावलेल्या दोन बायकांची मजुरी ५,०००, तुळजापूरची पूजा-ओटी-जेवण ६,०००. एकूण ४५,०००, घरटी १५,०००. अण्णाने हुरड्याचा एक रुपया घेतला नाही आणि द्यायला गेलो तर रागावला असता, म्हणून गावच्या वहिनीला साडी आणि काकूंना शाल. दादाने त्याचे १५,००० परत आल्यावर तिसऱ्या दिवशी धाकट्याला पाठवले. धाकट्याने ते माझ्याकडे परत पाठवले, मी परत दादाला पाठवले, त्याने परत मला. शेवटी मी ठेवून घेतले. हे बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं, त्याला घरातला एक भाग धरायचं तर त्याचा वाटा घ्यायलाच हवा.

परत करायची झाली तर

तुळजापूर शनिवारी आणि हुरडा रविवारी, हे तर झालंच. लॉज फक्त म्हाताऱ्यांसाठी. पण ही बारीक गोष्ट.

मोठी गोष्ट म्हणजे मी वहिनीची शपथ पाळायला नको होती. म्हणजे धाकट्याला जाऊन सांगायला हवं होतं असं नाही, दादाला जाऊन सांगायला हवं होतं की मला कळलंय, आता तू सांगतोस की मी सांगू. त्याने एप्रिलमध्ये शब्द दिला तेव्हा तो अजून जुलैचा दादा होता, त्याला त्यातून बाहेर यायला कुणीतरी वाट करून द्यायला हवी होती आणि ते मला महिनाभर आधी, शांतपणे, चार भिंतींत करता आलं असतं. आगटीजवळ जे झालं ते चांगलं निघालं हे आमचं नशीब. धाकट्याने तो टोमणा तुळजापूरच्या रांगेत चौथ्या तासाला मारला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. माझा नवरा मात्र म्हणतो की शांतपणे चार भिंतींत दादा तुला कबूलच झाला नसता. असेल.

आणि अण्णाला आधी एक फोन बाबांनीच करायला हवा होता. परदेशातून माणूस परत आला की गावाकडच्या भावाच्या पोटात गोळा येतो हे बाबांना कळायला हवं होतं, त्यांनी त्या जमिनीतलं राजकारण आयुष्यभर बघितलंय. मे महिन्यात बाबांनी अण्णाला पुण्यात बोलावून सांगितलं की कसतोस तसा कस, मी असेपर्यंत विषय नाही. अण्णा खूश होऊन गेला. मला विचाराल तर प्रश्न सुटलेला नाही, फक्त पुढे ढकललाय, कारण "मी असेपर्यंत" या शब्दाला मुदत आहे. पण हे मी म्हणलं तर मीच वाईट होणार, कारण सातबाऱ्यावर उद्या मुलींचंही नाव लागतं.

सध्या

दादाला मार्चमध्ये चाकणला नोकरी लागली, पगार तिकडच्या निम्म्याहून कमी, शिफ्टची बस पहाटे सहाला. मुलगा अजून अधूनमधून शारजाला घर म्हणतो. धाकटा आणि दादा फार बोलतात असं नाही, पण बाबांच्या तपासणीला आता आळीपाळीने जातात.

एप्रिलमध्ये गावाहून दरवर्षीप्रमाणे ज्वारी आली. दरवर्षी दोन पोती येतात, एक धाकट्याकडे आई-बाबांसाठी, एक माझ्याकडे. यंदा तीन आली, तिसऱ्यावर स्केचपेनने "इंजिनेर" लिहिलेलं. वहिनीचा फोन आला, अहो हे एवढं पोतं मी ठेवू कुठे आणि गिरणीत नेऊन काय सांगू, सगळी एकदम दळून आणू का? मी म्हणलं अजिबात नको, ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना तुटते, आठवड्यापुरती तीन किलो ने आणि गिरणीवाल्याला आधी विचार की गव्हावर टाकणार नाहीस ना.